सात शिकाऊंची वॉरंटी

ब्रेकताईंचा उजवा पाय आता त्यांच्या ताब्यात राहिलेला नाही. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, पायाशी बसवलेल्या जादा ब्रेकवर त्यांनी तो सतरा वर्षं ठेवला. आता तो स्वतःच्या मर्जीने वागतो. समोरून काहीही भरधाव येऊ लागलं की दाबला जातो. त्यासाठी गाडीतच असायला हवं असं नाही. नवरा दोन-दोन पायऱ्या गाळून जिना उतरला की दाबला जातो. टीव्हीवर कोणी घोडा उधळला की दाबला जातो. एकदा भाचा घरी आला आणि ओळख होऊन जेमतेम नऊ दिवस झालेल्या मुलीशी लग्न ठरवल्याचं एका दमात सांगू लागला, तेव्हा ताईंचा पाय फरशीवर असा आपटला की शेजारच्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "काय पडलं गं?" ते लग्न पुढे मोडलं. पायाचा त्यात काही हात नव्हता. पण घरात पायाची पत वाढली ती तेव्हापासून.

ताई काही जन्मजात मास्तरीण नव्हत्या. एका रोपवाटिकेत त्या कुंड्या भरायच्या. मालकाचा ड्रायव्हर एके दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही आला नाही, आणि टेम्पोत भरलेली चारशे रोपं उन्हात माना टाकू लागली. "कोणाला येते का चालवता?" मालकांनी विचारलं. येत कोणालाच नव्हतं. पण ताईंनी "शिकते" म्हटलं, आणि आठवडाभरात त्या रोपं पोचवू लागल्या. मग त्यांनी मालकांच्या मुलीला शिकवलं, मुलीच्या मैत्रिणीला शिकवलं. मैत्रीण म्हणाली, "माझा नवरा शिकवायचा तेव्हा गाडी कमी आणि तो जास्त गरम व्हायचा. तुम्ही ओरडत नाही." त्या एका वाक्यावर ताईंची शाळा उभी राहिली. नवऱ्याने शिकवायला घेऊन रडवलेल्या बायका, मुलांनी "तुमच्याच्याने नाही व्हायचं" म्हणून सोडून दिलेले म्हातारे, तीनदा नापास झालेले, सगळे त्यांच्याकडे येत.

शाळेची पहिली गाडी पेट्रोलची होती. तिने साथ दिली, आणि मग ऐन परीक्षेच्या सकाळी, तीन शिकाऊ नवे कपडे घालून रस्त्याकडेला उभे असताना, गिअरबॉक्सने मान टाकली. गाडी पाच आठवडे गॅरेजात पडली होती. अर्धे शिकाऊ चौकातल्या दुसऱ्या शाळेत गेले आणि ताई पाच आठवडे खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे ब्रेक दाबत राहिल्या. ते दिवस त्या विसरल्या नाहीत.

म्हणून नवी गाडी घेताना त्यांनी विजेवरची घेतली: क्लच नाही, गिअर नाही, मोडायला कमी. ज्यांना गिअरची शिकायची त्यांना त्या स्वतःच दुसऱ्या शाळेचा पत्ता देत. गाडी इतकी गप्प की नवे शिकाऊ चालू गाडी पुन्हा पुन्हा चालू करायला जात. जादा ब्रेक त्यांनी कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये बसवून घेतला, कागदावर नोंद करवून. आणि एक नियम घातला: गाडी हलवायच्या आधी गाडी वाचायची. सकाळच्या पहिल्या शिकाऊने बसल्या बसल्या बॅटरी किती टक्के, टायरात हवा किती, कुठला दिवा लागलाय का, हे मोठ्याने वाचायचं आणि कप्प्यातल्या वहीत तारखेसकट आपल्या हाताने लिहायचं. तीन वर्षांत त्या वहीत सत्तर-ऐंशी जणांची अक्षरं जमली होती. लिहून झालं की वही परत कप्प्यात. ती उघडून मागचं कधी कोणी वाचलं नव्हतं, ताईंनीसुद्धा नाही. त्यांच्या मते ती शिकाऊंची सवय होती, वाचायची पोथी नव्हे.

तर गुरुवारी संध्याकाळी फोनवर संदेश आला. 'आपल्या वाहनाची वॉरंटी या शनिवारी संपत आहे. वाढीव वॉरंटी घ्या, आणखी दोन वर्षे निश्चिंत राहा!' खाली आणखी बराच मजकूर आणि रक्कम होती. ताई रक्कम कधी रकमेत मोजत नाहीत, शिकाऊंत मोजतात. फ्रिज म्हणजे तीन शिकाऊ, छताची गळती काढणं म्हणजे पाच. ही वॉरंटी निघाली सात शिकाऊंची.

"सात!" ताई म्हणाल्या. "पण घ्यावी म्हणते. परत पाच आठवडे खिडकीत बसायला लागलं तर शाळा उठेल माझी."

त्यांचे यजमान वायरमन. घरोघरी विजेची कामं करतात, स्वतः मात्र सायकलवर फिरतात. गाडी चालवायची त्यांना भीती वाटते, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. ते म्हणाले, "अगं, बॅटरी आणि मोटर यांची हमी आठ वर्षांची आहे, ती कुठे संपतेय? संपतेय ती बाकीच्या सामानाची. विजेचं सामान उगाच बिघडत नाही. आणि बिघडलंच तर मी आहे ना घरात!"

"तू आहेस हीच तर भीती आहे," सासूबाई म्हणाल्या.

यामागे चार महिन्यांचं दुखणं होतं. पूर्वी गाडी रात्री चार्जिंगला लावली की सकाळी सातला शंभर टक्के. चार महिन्यांपूर्वी एका सोमवारी दुपारीच बॅटरी तळाला गेली, ताईंनी सकाळचा आकडा आठवून पाहिला तर तो सदुसष्ट होता. आणि आदल्याच दिवशी, रविवारी, वायरमननी स्वयंपाकघरातला विजेचा बोर्ड बदलला होता. झालं. गुन्हेगार घरातच सापडला. बिचाऱ्यांनी प्लग बदलला, वायर बदलली, मीटरपासून वेगळी जाड लाइन ओढली, साप साप म्हणून सगळी भुई धोपटून काढली. आकडा सदुसष्ट-अडुसष्टच्या वर चढेना. ताईंना दुपारच्या दोन शिकवण्या सोडाव्या लागल्या. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "दुसऱ्यांच्या घरी उजेड पाडतो हो आमचा."

"आई, तुम्हाला काय वाटतं? घ्यावी का?" ताईंनी विचारलं.

सासूबाई चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासत होत्या. छापायच्या आधी प्रत्येक ओळ वाचून चूक काढायची, हे काम. वय सदुसष्ट, आणि येत्या सोमवारी त्यांची गाडी चालवण्याची परीक्षा होती. सुनेच्या त्या सध्याच्या सगळ्यात ज्येष्ठ आणि सगळ्यात उलट उत्तरं देणाऱ्या शिकाऊ. त्या म्हणाल्या, "वाचल्याशिवाय मी मत देत नाही. याची नियमावली कुठाय?"

"हे काय, फोनवर आहे की."

"ही जाहिरात झाली. यात 'निश्चिंत' तीनदा आलंय आणि 'नियम लागू' एकदा, तेही मुंगीएवढं. ते मुंगीएवढं जिथे मोठं करून लिहिलंय तो कागद पाहिजे मला."

म्हणून शुक्रवारी सकाळी सून आणि सासू कंपनीच्या शोरूममध्ये पोचल्या. गाडी सासूबाईंनी चालवली. वाटेत ताईंचा पाय अकरा वेळा दाबला गेला आणि अकराही वेळा सासूबाई म्हणाल्या, "दिसलं मला."

वॉरंटीच्या टेबलामागे बसलेला तरुण ताईंना बघून ताडकन उभा राहिला. तो त्यांचाच जुना शिकाऊ. वर्तुळाच्या चौकात शिरला की याला बाहेर पडायचं धैर्य होत नसे; एकदा त्याने नऊ फेऱ्या मारल्या होत्या. शाळेत त्याला सगळे भोवरा म्हणत.

"मॅडम! बसा ना! आजी, तुम्ही पण बसा."

"काय रे भोवऱ्या, चौकातून बाहेर निघायला लागलास का?"

"निघतो मॅडम, आता निघतो." तो लाजला. "पण टेबलावर भोवरा नका म्हणू, साहेब ऐकतात."

मग त्याने सुरुवात केली. स्क्रीन जाते, एसीचा कॉम्प्रेसर जातो, सेन्सर जातात, आतला चार्जर जातो, तो तर पंधरा... आणि त्याने रक्कम सांगितली. ताईंनी मनात मोजलं, पंधरा शिकाऊ. मेला शिकाऊंतच बोलला असता तरी चाललं असतं. "आणि आज घेतली तर दहा टक्के सूट, पण आजच हं मॅडम, उद्या सिस्टीमच घेत नाही, आज इथे सही केली की झालं, बाकी मी भरतो, दोन वर्षं बघायलाच नको..."

टेबलाखाली ताईंचा पाय दाबला गेला.

त्यांनी खाली पाहिलं. पाय पुरता रुतला होता. समोरून काहीतरी भरधाव येत होतं खरं.

"हळू," त्या म्हणाल्या. "आधी मला सांग, तीन वर्षांत माझ्या गाडीचं जे जे बदललं, टायर, वायपर, ब्रेकचे पॅड, चार्जिंगच्या झाकणाची कडी, यातलं यात काय येतं?"

भोवरा घुटमळला. "ती झीज झाली ना मॅडम. झिजलेलं नाही येत. बिघडलेलं येतं."

"शिकाऊंच्या गाडीत झिजतं जास्त आणि बिघडतं कमी. बरं. नियमावली दे यांना."

बत्तीस पानी पुस्तिका आली. सासूबाईंनी पिशवीतून भिंग काढलं आणि त्या बाजूच्या सोफ्यावर जाऊन बसल्या. "आजी, मी सांगतो ना त्यात काय आहे ते," भोवरा म्हणाला.

"बाळा, औषधाच्या खोक्यातला कागद, तिकिटाच्या पाठचे नियम, विम्याची शेवटची पानं, जगात जे कोणी वाचत नाही ते मी वाचलंय. पगार घेऊन वाचलंय. तू चहा सांग."

चहा आला, निवला. बाविसाव्या पानावर सासूबाई थांबल्या आणि त्यांनी बोट ठेवलं. "सूनबाई, ऐक. 'खालील वापरातील वाहनांना ही योजना लागू नाही. भाडे, टॅक्सी, शर्यत, वाहन-प्रशिक्षण.' "

ताईंनी भोवऱ्याकडे पाहिलं. भोवऱ्याने छताकडे पाहिलं.

"मूळ वॉरंटीत हे नव्हतं," ताई म्हणाल्या.

"ती कंपनीची होती मॅडम. ही वेगळ्या लोकांची आहे, आम्ही फक्त विकतो." तो पुढे झुकला आणि आवाज खाली आला. "पण त्याचं काय एवढं? फॉर्मवर मी 'खाजगी वापर' लिहितो. कोण बघतं?"

ताईंना क्षणभर मोह झाला. खिडकीतले ते पाच आठवडे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. दोन वर्षं निश्चिंत, एका शब्दाच्या बदल्यात. पण पाय काही उठेना.

"भोवऱ्या," त्या म्हणाल्या, "रिकाम्या रस्त्यावर वळताना सिग्नल द्यायला तू कुरकुर करायचास. 'कोण बघतंय मॅडम?' मी काय म्हणायचे?"

"...'कोणी नसलं तरी द्यायचा.'"

"का?"

"नाहीतर कोणी असेल तेव्हाही विसरतो."

"आणि माझ्या गाडीत ब्रेकचे पेडल दोन आहेत. बिघडलेली गाडी त्यांच्याकडे आली आणि त्यांनी नुसतं दार उघडलं तरी कळेल. मग ते पैसे देणार नाहीत, वर मलाच खोटारडी म्हणतील. आणि म्हणतील ते बरोबरच म्हणतील. त्यापेक्षा माझ्या जुन्या वॉरंटीचे दोन दिवस राहिलेत, त्यात मला काय मिळतं ते सांग."

भोवऱ्याचा चेहरा एकदम सैल झाला. चौकातून बाहेर पडायची वाट दिसल्यासारखा तो म्हणाला, "सगळी तपासणी होते की! संपायच्या आत काही सापडलं आणि नोंदवलं तर फुकट बदलून मिळतं. पण मॅडम, हे सहसा कोणी विचारत नाही."

"आणि तुम्ही सांगत नाही."

"त्याचं कमिशन नसतं," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

गाडी आत गेली. वर्कशॉपमधल्या निळ्या डगल्यातल्या मेकॅनिक मुलीने विचारलं, "काही तक्रार आहे का?"

"नाही," ताई म्हणाल्या. "चार्जिंग हळू होतं, पण ते आमच्या घरच्या वायरिंगमुळे."

तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब गं." सासूबाईंची पुस्तिका संपली होती. वाचायला काही नसलं की त्यांना चैन पडत नाही, म्हणून त्यांनी गाडीच्या कप्प्यातली वही काढून पहिल्या पानापासून वाचायला घेतली होती. भिंग अजून डोळ्याला होतं. "कोण ही मुलगी, 'टायर'ला 'टायार' लिहिणारी? ते जाऊ दे. इथे बघ. गुरुवार, सोळा तारीख, शंभर. शुक्रवार, सतरा, सदुसष्ट. शनिवार, अडुसष्ट. आपल्या लक्षात आलं सोमवारी, वीसला. आणि याने बोर्ड बदलला कधी?"

"रविवारी. एकोणीसला."

"नक्की?"

नक्की कसं सांगणार? चार महिने झाले होते. पण वायरमन लोकांची एक रीत असते, निदान या वायरमनची तरी. कुठलाही बोर्ड बसवला की झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख लिहायची, म्हणजे पुढे कोणी उघडला तर काम कधीचं ते कळावं. सासूबाईंनी फोन लावला.

"स्वयंपाकघरातला बोर्ड उघड आणि आतली तारीख वाच."

"आई, मी कामावर निघालोय. आता काय केलं मी?"

"वाच म्हणते ना."

पेचकसाची करकर ऐकू आली. मग आवाज. "एकोणीस."

"आणि गाडी सतरापासूनच हळू चार्ज होतेय. वहीत लिहिलंय."

पलीकडे पेचकस खाली पडल्याचा आवाज आला. मग वायरमनचा आवाज चढला. "म्हणजे चार महिने! चोर सोडून संन्याशाला फाशी! मी मीटरपासून लाइन ओढली! माझ्याच घराच्या भिंतीला भोकं पाडली! अगं, मी स्वतःवर संशय घेतला गं, गिऱ्हाइकांकडे जाऊन जुनी कामं तपासून आलो!"

निळ्या डगल्यातल्या मुलीने गाडी वर्कशॉपच्या चार्जरला लावली. तिथेही तीच मंद गती. तिने लॅपटॉप जोडला, दहा मिनिटं पाहिलं आणि सोप्या शब्दांत सांगितलं, "घरची वीज बॅटरीला मानवेल अशी करून देणारा एक चार्जर गाडीच्या आतच असतो. त्याचे दोन भाग असतात, तुमचा एक बंद पडलाय. गाडी चार महिने एका नाकपुडीने श्वास घेतेय. दुसरा भाग कधीही गेला असता."

"मग?"

"मग चार्जिंगच नाही. गाडी उभी."

ताई स्टुलावर बसल्या. पंधरा शिकाऊ आणि पुन्हा ती खिडकी, आणि त्यापासून त्या दोन दिवसांच्या अंतरावर होत्या. त्यांना हसू आलं, मग थोडं रडूही आलं, मग सासूबाईंनी उरलेला गार चहा पुढे केला आणि दोन्ही थांबलं.

तक्रार नोंदवली गेली, तारीख-वेळेसकट. सासूबाईंनी ती दोनदा वाचली आणि एक आकडा दुरुस्त करवून घेतला. सुटा भाग कंपनीच्या गोदामात होता. शनिवारी दुपारी नवा चार्जर बसला, सात शिकाऊ न मोजता आणि पंधराही न मोजता.

वाढीव वॉरंटी ताईंनी घेतली नाही. निघताना भोवरा म्हणाला, "मॅडम, मग मी कोणालाच विकू नये का?"

"विक की. ज्याची गाडी घरच्या वापराची आहे, ज्याला अचानक मोठा खर्च झेपणार नाही, त्याला उपयोगी आहे. पण बाविसावं पान आधी दाखव. आणि हळू बोल."

पुढच्या दोन वर्षांत काही बिघडलं तर? भीती काही गेली नव्हती. ताईंनी ठरवलं, दर आठवा शिकाऊ गाडीचा. त्याची फी घरात येणार नाही, गाडीच्या नावाने बाजूला पडेल. न बिघडली तर पैसे आपलेच, हा त्यातला मोठा गुण. सासूबाईंनी ताबडतोब विचारलं, "मी कितवी?"

"तुम्ही फुकट आहात आई."

"म्हणूनच मला ओरडतेस."

"मी कधी ओरडले? पाय ओरडतो."

रविवारी सकाळी सातला परीक्षेआधीचा शेवटचा सराव. वायरमन चहाचा कप घेऊन आधीच गाडीपाशी उभे होते. रात्रभर त्यांच्याच लाइनवर गाडी लागली होती. सासूबाई बसल्या, वही काढली आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचलं, "बॅटरी शंभर टक्के."

"पुन्हा वाच आई, नीट ऐकू आलं नाही," वायरमन म्हणाले.

"शंभर."

"शेजाऱ्यांना ऐकू गेलं का विचार."

"शंभर! बस का आता? परवा मीच तुला मोकळं केलं, विसरू नकोस." मग सासूबाई जरा थांबल्या, आणि वहीत शंभरच्या पुढे, चौतीस वर्षांच्या सरावाच्या बारीक अक्षरात, त्यांनी लिहिलं: वायरिंग उत्तम. ते वाचून वायरमन इतके खूश झाले की जन्मात पहिल्यांदा आपणहून मागच्या सीटवर येऊन बसले.

गाडी निघाली. पहिल्या वळणावर सासूबाईंनी रिकाम्या रस्त्यात सिग्नल दिला. दुसऱ्या वळणावर एक सायकलवाला आडवा आला; त्यांनी वेळेत ब्रेक लावला. ताईंनी सवयीने खाली पाहिलं. त्यांचा पाय जागचा हलला नव्हता.

धाडकन आवाज आला तो मागून. वायरमननी दोन्ही पाय गाडीच्या तळावर दाबले होते.

"काय पडलं रे?" सासूबाईंनी आरशात बघत विचारलं.